घरपट्टीच्या बिलावरची सही

(वर्षावासानिमित्त एका तालुक्याच्या गावी बुद्ध विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्माविषयी काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने आपण येथे आला असाल, आणि मी मात्र घरपट्टीवर बोलण्यास उभा आहे. हा विषय भन्तेजींनीच सुचविला. विहारात येणाऱ्या माणसाच्या पिशवीत वंदनेच्या पुस्तिकेबरोबर ग्रामपंचायतीचे बिलही असते आणि ते कोणाला दाखवावे हे त्याला ठाऊक नसते, असे ते म्हणाले. वकिली करताना मलाही हाच अनुभव आला आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. गावाचे व व्यक्तीचे नाव घेत नाही. आपल्या समाजातील एक भगिनी अनुसूचित जातींच्या महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आली. शेतमजुरी करणारी बाई. पहिल्याच सभेत तिने वस्तीच्या गटाराचा प्रश्न मांडला. दुसऱ्या सभेत मागासवर्गीयांच्या निधीचा हिशेब मागितला. पुढे काही महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून तिला नोटीस आली. घरपट्टी थकविल्यामुळे आपणांस अपात्र का ठरवू नये, अशी विचारणा तीत होती. थकबाकी होती १,१४० रुपयांची, आणि तीही तिच्या नावावर नव्हे, सासऱ्यांच्या नावावर. बिल दिराने सही करून घेतले होते व खुंटीवरच्या पिशवीत ठेवून दिले होते. नोटीस आली त्याच दिवशी तिने उसनवारी करून पैसे भरले. परंतु तीन महिने उलटून गेले होते. सदस्यत्व गेले. अपिलात मी तिच्या बाजूने उभा होतो. तेथेही आम्ही हरलो.

आम्ही का हरलो, हे नीट समजून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम १४ मध्ये सदस्याच्या अपात्रतेची कारणे दिली आहेत. बिल रीतसर बजावले असता मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांत जो पंचायतीचा कर भरीत नाही तो अपात्र ठरतो, हे त्यांपैकी एक. त्याला जोडलेल्या स्पष्टीकरणात असे आहे की अविभक्त हिंदू कुटुंबातील, किंवा रूढीने ज्यांची मिळकत वा निवास एकत्र आहे अशा गटातील, एकाने कर थकविला तर त्यामुळे सर्वच जण अपात्र ठरतात. आपल्यापैकी कोणी विचारील की आम्ही बौद्ध, मग अविभक्त हिंदू कुटुंबाचा नियम आम्हांस कसा? हा प्रश्न मीही अपिलात विचारला होता. परंतु वारशाचा कायदा हिंदूंबरोबर बौद्धांनाही लागू केलेला आहे. आणि तो वाद बाजूला ठेवला तरी ‘निवास एकत्र’ हे शब्द उरतातच. एका चुलीवर जेवणाऱ्या घराला त्यातून सुटका नाही.

कर थकविणाऱ्याने गावाचा कारभार पाहू नये, या तत्त्वाला माझा विरोध नाही. मात्र ते तत्त्व सर्वांना सारखे लागत नाही, हे मी पाहिले आहे. ज्याच्या घरी बिल आल्यावर गडीमाणूस जाऊन पैसे भरून येतो, त्याची तारीख कोणी मोजत बसत नाही. मोजली जाते ती प्रश्न विचारणाऱ्याची. म्हणून ज्या घरातील कोणी निवडून आले आहे, किंवा उभे राहण्याचा विचार करीत आहे, त्या घराने तर फारच जपून असावे. उमेदवारी अर्जासाठी ठरविलेल्या दिवसापूर्वी थकबाकी भरलेली असेल तर ती अपात्रता लागत नाही. निवडून आल्यावर मात्र प्रत्येक वर्षाचे बिल तीन महिन्यांच्या आत चुकते झालेच पाहिजे. आकारणी चुकीची वाटत असली तरीही भरा. पण ‘हरकतीचा हक्क राखून भरणा करीत आहे’ असे लेखी देऊन भरा. भांडण पुढे चालवता येते. गेलेली जागा परत मिळत नाही.

आणि बिल घेताना सही कोण करतो याकडे लक्ष असू द्या. सहीखाली त्या दिवसाची तारीख घाला. मागची तारीख घालून सही मागितली तर देऊ नका. शेजाऱ्याचे बिल शेजाऱ्याच्या वतीने घेऊ नका. आपल्याला तो उपकार वाटतो, पण वेळेवर त्याच्या हाती पडले नाही तर त्याचे नुकसान होते.

आता दुसरी हकीकत. ही माझ्या स्वतःच्या घरची आहे, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. गावाकडे माझी आई ज्या घरात राहते त्याच्या भिंती मातीच्या आणि वर पत्रे. दरवर्षी ती घरपट्टी भरीत असे आणि पावती ट्रंकेत ठेवीत असे. मी वकिली सुरू करून दहा वर्षे झाल्यावर एकदा सहज ती पावती हातात घेतली. घराच्या मानाने रक्कम फार वाटली, म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागितला. त्यात आमचे घर दगड-विटा व सिमेंटचे पक्के म्हणून लिहिलेले आणि क्षेत्रफळ ६२० चौरस फूट. टेप लावून मोजले तर ४१० भरले. आईला विचारले, एवढी वर्षे तू काही बोलली कशी नाहीस? ती म्हणाली, “सायबानं लिवलंय म्हंजी खरंच आसंल.” तिला मी काय बोलणार? लिहिणाऱ्या साहेबाला कोणी विचारायचे नाही, हेच तर आपल्या मागच्या पिढ्यांना शिकविले गेले होते. आणि कायदा शिकलेल्या मुलाने तरी दहा वर्षांत तो कागद कोठे पाहिला होता?

नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. नमुना ९ ही मागणीची नोंदवही आणि नमुना १० म्हणजे आपणांस मिळणारी पावती. आपण सारे जण पावतीकडे पाहतो, पण तंट्याचे मूळ असते नमुना ८ मध्ये. घर कोणाच्या नावे, बांधकाम मातीचे की पक्के की आर.सी.सी., क्षेत्रफळ किती, वापर राहण्याचा की दुकानाचा, हे तेथे लिहिलेले असते. २०१५ च्या नियमांपासून ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे असा दर असतो आणि तो मातीच्या घराला कमी, आर.सी.सी. घराला जास्त. म्हणजे बांधकामाच्या रकान्यात एक शब्द चुकला की बिल वाढते, आणि पुढील फेरआकारणीपर्यंत दरवर्षी तेच वाढलेले बिल येत राहते. साधारणतः चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा यादी प्रसिद्ध करून हरकती मागवितात. ती यादी फलकावर लागते. वस्तीतील एका वाचणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ती पूर्ण उतरवून विहारात आणावी, एवढे केले तरी निम्मे काम होईल.

हरकतीचा अर्ज कसा लिहावा? आपल्या लोकांचे बहुतेक अर्ज ‘आम्ही गरीब असून आमच्यावर दया करावी’ या वाक्याने सुरू होतात. हे वाक्य काढून टाका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. तेव्हा आपण दया मागत नसून कायद्याप्रमाणे मोजमाप मागत आहोत. घराची लांबी अमुक, रुंदी तमुक, भिंती मातीच्या, छप्पर पत्र्याचे, नोंद मात्र पक्क्या घराची; पुन्हा मोजणी करून नोंद दुरुस्त करावी. एवढे पुरे. सोबत घराचे छायाचित्र जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पंचायतीने ऐकले नाही तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे व त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. मुदत थोडी असते, म्हणून बिल हाती येईल त्याच आठवड्यात हालचाल करा. आईच्या घराची नोंद पंचायत समितीच्या पातळीवर दुरुस्त झाली. मागील वर्षांचे जादा गेलेले पैसे काही मिळाले नाहीत.

कागदाचे महत्त्व आपल्या चळवळीला नवे नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पुरातन वहिवाट आहे असे म्हणणाऱ्यांना ती शाबीत करता आली नाही आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. तळे नगरपालिकेचे होते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. वस्तीत दिवा नाही मग दिवाबत्ती कर का भरू, गटार नाही मग आरोग्य कर का भरू, असे तरुण मंडळी मला विचारतात. त्यांचा संताप खरा आहे. पण हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. कराच्या बदल्यात अमुक सेवा त्याच घराला मिळालीच पाहिजे असे कायदा मानीत नाही. नळजोडणीच नसताना विशेष पाणीपट्टी लावली असेल तर मात्र जरूर भांडा. दिव्यासाठी भांडायचे असेल तर ग्रामसभेत भांडा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाचे असतात. आपण भरलेली घरपट्टी त्याच उत्पन्नात जाते. त्या १५ टक्क्यांचा वर्षवार हिशेब माहितीच्या अधिकाराखाली मागा. अर्जाची फी १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. हिशेब मागणाऱ्याने स्वतःची पट्टी चुकती ठेवावी, म्हणजे त्या भगिनीसारखे होणार नाही.

ज्यांच्याकडे खरोखरच पैसे नाहीत त्यांनी काय करावे? मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. खेड्यातील मातीच्या घराला, उत्पन्न कमी म्हणून, अशी आपोआप माफी नाही. हा न्याय मला समजलेला नाही. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना मात्र २०२० पासून राज्यभर घरपट्टीची माफी आहे. आपल्यात महार पलटणीत राहिलेल्यांची कित्येक घरे आहेत. त्यांतील किती विधवा आजही पट्टी भरीत असतील याची चौकशी करा. इतरांनी जमेल तसे थोडे थोडे भरावे, पण प्रत्येक वेळी पावती घ्यावी. पावतीवाचून एक रुपयाही देऊ नये, वसुलीला आलेला माणूस नात्याचा असला तरी. ‘घरपट्टी भरा, मगच बाळाचा जन्मदाखला’ असे कोणी म्हणाले तर जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात अशी अट कोठे आहे हे त्याला लेखी विचारा. ती नाही.

थकबाकी वाढली की लोक अदालतीची नोटीस येते. कोर्टाचा शिक्का पाहून म्हातारी माणसे रात्रभर झोपत नाहीत. भिऊ नका. तो तडजोडीसाठी बोलावण्याचा कागद आहे. मात्र तेथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. आकडा मान्य नसेल तर सही करू नका, आणि सही करण्यापूर्वी वकील मागा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना शंका वाटते की बौद्ध झाल्याने हा हक्क गेला काय. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश केंद्राच्या सवलतींत झालेला आहे. निःशंकपणे अर्ज करा.

शहरात राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की तेथे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सावकारीच ती. महानगरपालिकेच्या आकारणीविरुद्ध कोर्टात जाण्याची मुदत १५ दिवसांची आहे आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. अभय योजना जाहीर होते तेव्हा शास्ती माफ होते. पण तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे थांबणे परवडणारे नाही.

आणखी एक गोष्ट दीक्षेनंतर आडनाव बदललेल्या कुटुंबांसाठी. मुलांच्या शाळेत नवे आडनाव, नमुना ८ मध्ये मात्र वारलेल्या आजोबांचे जुने नाव. अशा घराचे बिल कोणाला बजावले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. वारसांची नोंद करून घ्या. नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा दस्तऐवज नव्हे, हे खरे. तरीही गावठाणाबाहेर, सरकारी जागेवर ज्यांच्या झोपड्या आहेत त्यांनी हा कागद जिवापाड जपावा. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचे धोरण शासनाने २०१८ मध्ये स्वीकारले. तेव्हापासून ‘आम्ही त्याआधीपासून येथे राहतो’ हे दाखविण्यास पुष्कळ घरांजवळ घरपट्टीच्या जुन्या पावत्यांखेरीज दुसरे काहीच नव्हते. ज्यांनी पावत्या चुलीत घातल्या होत्या त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी येथेच ओट्यावर बसणार आहे. येताना चालू वर्षाचे बिल, मागील तीन वर्षांच्या पावत्या आणि नमुना ८ चा उतारा घेऊन या. उतारा नसेल तर त्यासाठीचा अर्ज तेथेच लिहू. मोजण्याचा टेप मी आणीन.