श्वानाचा सांधा आणि चुंबकाची दृष्टी

कोलकात्याच्या मैदानालगत उभा असलेला फोर्ट विल्यम मराठी इतिहासाला अगदीच परका नाही. बारगिरांच्या धास्तीने 1742 साली या शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणण्यात आला. प्लासीच्या लढाईनंतर, 1758 मध्ये, इंग्रजांनी आजचा किल्ला बांधावयास घेतला. 1963 पासून तो भारतीय सेनेच्या पूर्व कमानीचे मुख्यालय आहे. आणि 2024 च्या अखेरीस त्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव देण्याचे ठरले, तेही कोकणातील विजयदुर्गावरून! ज्या शहराने मराठ्यांना अडविण्यासाठी खंदक खणला, त्याच्याच किल्ल्यावर मराठी आरमाराचे नाव यावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

या कमानीच्या डोंगरी आणि जंगली मुलखात सैनिकांच्या बरोबरीने श्वानही राबतात. सेनेच्या पशुवैद्यक दलाचे मूळ बंगालमधीलच. 1779 साली येथे घोड्यांच्या पैदाशीचे खाते निघाले, त्यातून हे दल वाढले. श्वानांचे शिक्षण मात्र मीरतला 1960 मध्ये सुरू झाले. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा या विलायती जातींच्या जोडीला 2016 पासून घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला मुधोळचा शिकारी कुत्राही तेथे दाखल झाला आहे.

अशा श्वानाचे सारे भांडवल म्हणजे नाक आणि चार पाय. नाक सहसा दगा देत नाही, पाय देतात. उड्या, उतार आणि खडकाळ वाटा यांचा सर्व भार सांध्यांवर पडतो, आणि लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा व कोपराचा सांधा सदोष घडण्याची प्रवृत्ती आढळते. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती झिजली तर सहसा भरून येत नाही. मज्जातंतू नाहीत, म्हणून झिजताना ती तक्रारही करीत नाही. वेदना सुरू होते ती भोवतालच्या आवरणाला व खालच्या हाडाला झळ लागल्यावर. त्यातून हे जनावर कामाच्या उत्साहात दुखणे लपविणारे! सकाळी उठताना पाय किंचित जड पडतो, हे प्रथम ध्यानी येते ते रोज त्याच्या सहवासात असणाऱ्या श्वानहस्तकाच्या.

क्ष-किरणांच्या छायाचित्रात हाड दिसते, कूर्चा दिसत नाही. हाडांमधील अंतर कमी झाले, कडांना अस्थिकंटक फुटले, म्हणजे कूर्चा गेली असावी असा तर्क करावयाचा. पण तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. एमआरआय यंत्राचे महत्त्व येथे आहे. कूर्चेत पाणी विपुल, पाण्यात हायड्रोजन, आणि त्याचा अणुगर्भ म्हणजे एक इवलासा चुंबकच. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हे अणुगर्भ विशिष्ट रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. दीड टेस्ला क्षमतेच्या यंत्रात त्या लहरींची कंप्रता सुमारे 64 मेगाहर्ट्‌झ असते. श्रोत्यांच्या परिचयाच्या एफएम केंद्रांच्या पट्ट्याहून थोडी खाली. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये या प्रतिसादातून चित्र उभे केले आणि 2003 साली पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच 1973 मध्ये पाँड आणि नुकी यांनी श्वानाच्या गुडघ्यातील बंध कापून संधिवात कसा बळावतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानवाच्या गुडघ्याविषयीचे बरेचसे ज्ञान असे मुक्या प्राण्याच्या गुडघ्यातून आलेले आहे. हे ऋण क्वचितच उच्चारले जाते.

तथापि यंत्राचे कौतुक बेतानेच करावे. माणसाच्या गुडघ्यातील कूर्चा दोन ते चार मिलिमीटर जाड असते. श्वानाची जेमतेम एक मिलिमीटर, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. चित्राचा एकेक छेद दोन-तीन मिलिमीटरांचा असला की समोरासमोरच्या दोन अस्तरांची एकच पट्टी दिसते आणि उथळ चीर निसटून जाते. तुटलेला बंध, फाटलेली चकती, हाडातील सूज, कोवळ्या वयातच सुटू लागलेला कूर्चेचा पापुद्रा या गोष्टी यंत्र चांगल्या दाखविते. पृष्ठभागावरील बारीक झीज पाहण्यास सांध्यात दुर्बीण घालणेच अधिक भरवशाचे. गॅडोलिनियम या धातूच्या द्रव्याची एक युक्ती मात्र चतुर आहे. निरोगी कूर्चेतील ऋणभारित रेणू या ऋणभारित द्रव्याला दूर लोटतात. ते रेणू घटले की द्रव्य आत शिरते, आणि अस्तर अखंड दिसत असतानाच त्याचा आतील ऱ्हास उमगतो. श्वान स्वस्थ पडून राहत नसल्यामुळे प्रत्येक तपासणीस पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय प्राण्यांसाठी ही सोय आजही मोजक्याच ठिकाणी आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सेनेत ‘निकामी’ ठरलेल्या श्वानास पूर्वी वेदनारहित मरण देण्यात येई. 2015 मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तराने हे लोकांसमोर आले आणि खळबळ उडाली. त्यानंतर धोरण पालटले. आता निवृत्त श्वान दत्तक दिले जातात. लंगडणारा पाय विश्रांतीने सुधारेल, शस्त्रक्रियेने सावरेल, की कायमचा गेला, हे वेळीच कळले तर कामाचा पल्ला बदलता येतो, वजन आटोक्यात ठेवता येते. आणि दत्तक घेणाऱ्यालाही सांगता येते की या म्हाताऱ्या शिपायाला जिना चढावयास लावू नका, गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरा, आणि फिरावयास न्याल तेव्हा वेग त्याचा असू द्या.