चमच्यात विरघळणारी गोळी

रोवणीचे दिवस आले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत लेकरांना हगवण लागते. पूर्वी आम्ही मोठ्यांचीच गोळी मोडून, कुटून पाजायचो. कडू लागताच लेकरू थुंकायचं. पोटात किती गेली, कोणालाच कळायचं नाही.

आता आशाताईंकडे लेकरांसाठीच केलेली २० मिलिग्रॅमची झिंकची गोळी मिळते. चमच्यात उकळून गार केलेलं पाणी घेऊन तीत टाकली की मिनिटभरात विरघळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला रोज एक. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्याच दुधात. सोबत ओआरएस आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

आमची चूक पुढेच व्हायची. दोन-तीन दिवसांत हगवण थांबली की गोळीही थांबवायचो. पण ती पूर्ण १४ दिवस द्यायची असते. तरच पुढचे दोन-तीन महिने हगवणीचा धोका कमी होतो. म्हणून आम्ही गटातल्या बाया भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढतो. १४ रेघा झाल्या, की औषध पूर्ण.

शौचात रक्त दिसलं, लेकरू पाणी पिईना किंवा सुस्त पडलं, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.