पाय आखूड की स्नायू आखडलेले?

पँटचा एकच पाय नेहमी जमिनीला घासतो का?
मग जरा लक्ष देऊन ऐका.

दोन्ही पाय अगदी सारख्या लांबीचे क्वचितच असतात.
थोडा फरक शरीर सहसा सांभाळून घेतं.
त्यानं घाबरू नका.

फरक जास्त असला,
की उभं राहताना कंबरेचं हाड एका बाजूला कलतं.
पाठीच्या कण्याखालच्या सांध्यावर ताण येतो.
मग कुल्ल्यात, जांघेत, कधी ओटीपोटाच्या तळाशी दुखू शकतं.

पण पुष्कळदा हाड आखूड नसतंच.
स्नायू आखडतात,
आणि पाय आखूड भासतो.
तिथं व्यायाम लागतो.

म्हणून आखूड पाय उंच करायला चपलेत स्वतःहून गादी घालू नका.
आधी तपासणी, मग गरज असेल तर गादी.

आणि भगिनींनो,
पाळीत दुखणं वाढत असेल,
तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही जरूर दाखवा.