बोल्टवरचा कर, भट्टीचा हिशेब



भोसरी-चाकण पट्ट्यातला नट-बोल्टचा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याचा माल जर्मनीला जातो. १ जानेवारी २०२६ पासून अशा मालावर युरोपीय संघाने कार्बनचा आकार लागू केला आहे. ‘सीबॅम’ म्हणतात तो हाच. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागतो. पोलादात नुसते पत्रे आणि पाइप नव्हेत, नट, बोल्ट, स्क्रूही धरले आहेत.

कायद्याने पैसे भरायचे ते तिकडच्या आयातदाराने. २०२६ सालच्या मालाची प्रमाणपत्रे तो २०२७ मध्ये विकत घेईल. पण आयातदार पदरचे पैसे घालून धंदा करत नाही. तो भाव पाडून मागतो, नाहीतर दुसरा पुरवठादार शोधतो. कर भरला तिकडे, तरी झळ बसते ती इथे.

बोल्टचा कार्बन येतो तरी कुठून? कारखान्यात तार ओढतात, डोके ठोकतात, आटे पाडतात, हीट ट्रीटमेंट करतात. यात शेडमधला स्वतःचा धूर थोडाच. खरा बोजा तारेतून येतो. तार कोक जाळणाऱ्या झोतभट्टीच्या पोलादाची असेल, तर आकडा मोठा. भंगार वितळवून केलेल्या पोलादाची असेल, तर कितीतरी लहान, कारण भंगाराच्या माथी मागचा धूर मारत नाहीत. मात्र त्या भंगारात कोळशावर केलेले स्पंज आयर्न मिसळले, की आकडा पुन्हा चढतो. दोन बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, करात दिसेल. आणखी एक गोष्ट कारखानदारांनी नीट ध्यानात घ्यावी: पोलादाच्या बाबतीत विजेमुळे होणारे उत्सर्जन सध्याच्या नियमांत मोजत नाहीत. छपरावर सौर पॅनेल जरूर बसवा, वीजबिल उतरेल. या आकड्यात मात्र त्याने फरक पडणार नाही.

आता आयातदाराकडून एक्सेलचा तक्ता येतो. तार कोणत्या मिलची, कोणत्या पद्धतीच्या भट्टीतली, टनामागे उत्सर्जन किती? आपला माणूस तार घेतो डीलरकडून. डीलरला मिलचे नाव ठाऊक असते, आकडा नसतो. आणि आकडा मिळाला तरी तो मान्यताप्राप्त तपासनीसाकडून पडताळून घ्यावा लागतो. असा पडताळलेला आकडा नसेल, तर युरोपने देशवार ठरवलेला ठोकळ आकडा लावतात आणि त्यावर वाढीव टक्के चढवतात: २०२६ साली १०, पुढच्या वर्षी २०, २०२८ पासून ३०. म्हणजे तार भंगारातल्या पोलादाची असूनही, कागद नाही म्हणून जास्त धुराचा दंड. लहान कारखानदाराचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षाला ५० टनांच्या आत माल आणणाऱ्याला माफी आहे, हे खरे. पण ती माफी आयातदाराच्या आकारमानावर आहे, आपल्या नव्हे. आपण वर्षाला दहा टन पाठवत असू आणि घेणारा हजारो टन आणत असेल, तर आपल्या दहा टनांनाही तोच नियम.

हा अन्याय आहे का? आहे. युरोपातल्या मिलना २००५ पासून वर्षानुवर्षे उत्सर्जनाचे फुकट परवाने मिळत आले. ती सवलत आणि तिच्या जोडीने आयात मालाला मिळणारी वजावट २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपणार आहे. भारतातला दरडोई धूर युरोपपेक्षा कमी आहे, आणि वसूल झालेला पैसा आपल्या भट्ट्या सुधारायला येणार नाही. सरकारने हे भांडण जोराने भांडलेच पाहिजे. सीबॅमच्याच कायद्यात माल जिथे तयार झाला त्या देशात भरलेल्या कार्बन-किमतीची वजावट मिळते. आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. तिच्यातून पडणारी किंमत वजावटीत धरून घेणे हेही त्याच भांडणातले काम आहे.

पण भोसरीचा कारखानदार तोवर थांबू शकत नाही. तारेच्या प्रत्येक लॉटबरोबर मिलचे टेस्ट सर्टिफिकेट येते. त्यावर हीट नंबर असतो. कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण असते. त्याच कागदावर एक ओळ वाढवा: टनामागे उत्सर्जन इतके, पडताळणी अमुक तारखेची. मोठ्या मिलकडे हा हिशेब करायला माणसे आहेत. दहा कामगारांच्या शेडमध्ये नाहीत. म्हणून औद्योगिक संघटनांनी ही ओळ एकेकट्याने मागू नये, सगळ्यांनी मिळून मिलकडे मागावी. आणि पोलाद मंत्रालयाने ती छापणे मिलना बंधनकारक करावे.