निरोगी माणूस टेबलावर घेताना



जयपूरच्या प्रताप नगरात एवढे मराठी सर्जन एका छताखाली जमले आहेत, तेव्हा सुरुवात पुण्यापासूनच करतो. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’नं ती हकिगत छापली. त्या कारागिराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

त्याची रीत मात्र टिपलेली आहे. आधी मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिलं. तेच कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ आखली. कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये देठ राखला. वर काथाचा लेप. पाच-सहा दिवस रुग्ण उताणा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे. देठ कापला तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं ही शस्त्रक्रिया केली १८१४ साली, आणि तीही आधी मृतदेहांवर सराव करून. मधे वीस वर्षं गेली होती. आज दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीला लावून तिसऱ्या दिवशी केसरोपण सुरू होतं.

कावसजी नाक गमावून आला होता. भाजलेली बाई, कर्करोगात स्तन गेलेली रुग्ण, अपघातात जबडा मोडलेला मुलगा, हे सगळे काही तरी गमावून येतात, आणि त्यांच्यासाठी थोडी जोखीम पत्करणं रास्त ठरतं. सौंदर्यशस्त्रक्रियेला येणारा माणूस धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत येतो. त्याच्याकडे गमावण्यासारखं सगळंच असतं. म्हणून सुरक्षिततेचा दंडक तिथे अधिक कडक हवा, असं माझं ठाम मत आहे. व्यवहारात उलटं दिसतं. भाजलेल्या रुग्णाच्या मागे भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग उभे असतात, आणि लायपोसक्शन मात्र दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात होतं.

२०१९मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट लिहिलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे अशा शस्त्रक्रियांचं पुरेसं प्रशिक्षण नव्हे. आयोगाला हे लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

तरुण मित्रांनो, बधिर करण्याच्या औषधाचा हिशोब पाहा. ॲड्रिनॅलिनसह लिडोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला दोन टक्के द्रावणाचे जेमतेम चोवीस मिलिलिटर. बैठक सात-आठ तास चालली, की ‘दुखतंय’ म्हटल्याबरोबर सहायक आणखी थोडं टोचतो, मग आणखी थोडं. एकूण किती गेलं, याची बेरीज कुणाकडेच नसते. शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर पांढरा फळा असावा आणि प्रत्येक सिरिंज त्यावर लिहिली जावी. याला खर्च काहीच नाही. चेहरा भरण्यासाठी टोचायच्या फिलरलाही अशीच साधी खबरदारी लागते. रक्तवाहिनीत गेला तर कातडी पांढरी पडते, आणि डोळ्याची वाहिनी बंद झाली तर दृष्टी जाते. हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर टोचणाऱ्याच्या हाताशी तो विरघळवणाऱ्या हायल्युरोनिडेजची बाटली नसेल, तर त्यानं सुई उचलूच नये.

मोबाइलवर फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो दाखवून ‘असं करा’ म्हणणारी मुलं आता ओपीडीत रोज दिसतात. लग्नाची तारीख ठरलेली असते, आई शेजारी बसलेली असते, आणि आपण ‘नाही’ म्हटलं तर ती मुलं पलीकडच्या क्लिनिकमध्ये जाणार, हे आपल्याला ठाऊक असतं. जाऊ द्या. तरीही ‘नाही’ म्हणा, आणि का नाही, ते आईला कळेल अशा भाषेत सांगा. आपले रवीन थत्ते सर मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयात शस्त्रक्रियाही शिकवत आणि ज्ञानेश्वरीवर मराठीत लिहीतही. संमतिपत्रावर इंग्रजीत सही घेऊन मोकळं होणाऱ्यांनी रुग्णाच्या भाषेची ही कदर त्यांच्याकडून उचलावी.

याच प्रताप नगरात राजस्थान आरोग्यविज्ञान विद्यापीठ (आरयूएचएस) आहे. तिथे शिकणाऱ्या मराठी निवासी डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांकडे पाठ फिरवू नये, एवढं आग्रहानं सांगतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दिलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकते, आणि तिनं भाजलेल्यांचे जीव वाचतात. ही माहितीच घरोघरी पोचलेली नाही. ती पोचवणं आपलंच काम आहे.

शेवटी एक मागणी. आपल्या संमेलनांत यशाचे आधीचे-नंतरचे फोटो तासन्‌तास चालतात. उद्याचं पहिलं सत्र आपण बिघडलेल्या प्रकरणांना देऊ. रुग्णाचं नाव नको, डॉक्टरचंही नको. काय घडलं, किती वाजता कळलं, हाताशी काय नव्हतं, एवढंच सांगायचं. त्या सत्राचं अध्यक्षस्थान मी घेतो. ज्यांना बोलायचं आहे, त्यांनी आज रात्रीच्या जेवणाआधी मला येऊन सांगावं.