वाट मोकळी करणारे

(चंद्रपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



नौदलात सुरुंगशोधक नौका असतात. युद्धनौकांच्या पुढे जायचे, पाण्यातील सुरुंग निकामी करायचे आणि मार्ग मोकळा करून द्यायचा, हे त्यांचे काम. विजयाच्या वर्णनात त्यांचे नाव क्वचितच येते. आपल्या नौदलातील अशी अखेरची नौका, ‘कोझिकोड’, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली.

समुद्रापासून शेकडो कोस दूर, गडचिरोलीच्या अरण्यात हेच व्रत पोलीस जवान आचरीत आले आहेत. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ सात जवान सुरुंगस्फोटात धारातीर्थी पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, कुरखेड्यानजीक जांभुळखेड्याला पंधरा जवान व वाहनचालक गेले. असे पुन्हा घडू नये म्हणून वाहनाआधी माणूस पायी चालतो. पुलाखालची पोकळी, नुकतीच उकरलेली माती, झुडपात शिरणारी तार तो न्याहाळतो. सोबतीला शोधयंत्र आणि श्वान.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह शरण आला, ही समाधानाची गोष्ट. परंतु माणूस शरण येतो, मातीत पुरलेला सुरुंग येत नाही. जवान कोण आणि गुराखी कोण, हेही त्याला कळत नाही.

‘सी-६०’चे जवान बहुतांशी याच मातीतले. त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने एस.टी. जाते, मुले शाळेत जातात. त्यांच्यापैकी जे परतले नाहीत, त्यांच्या मुलांची शाळा सुटू न देणे हे आपले काम आहे. वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहून ते ऋण फिटत नाही.