‘कशावरून?’ असे विचारणारा वर्ग



अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. चिकित्सक संशय ही परदेशातून आणलेली वस्तू आहे, असा जो समज आपल्या सुशिक्षितांत दृढ झाला आहे, त्याचे निरसन करण्यास वऱ्हाडाबाहेर जाण्याचे प्रयोजन नाही.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच आपले गाडगेबाबा, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी ते वाढले, आणि त्यांच्या चरित्रकारांनी सांगितल्याप्रमाणे मामांची शेती सावकाराने फसवून घेतली, ती घटना त्यांच्या मनात खोल रुतली. जो कुणबी स्वतःचा दस्तऐवज वाचू शकत नाही आणि वही दाखवा असे म्हणण्यास धजत नाही, त्याची जमीन विश्वासामुळे जाते. तेव्हा संशय ही पंडितांची चैन नसून गरिबाचे कवच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे बाबांचे कीर्तन उभे राहिले ते प्रश्नावर. नवसाला बोकड का कापता, सण साजरा करण्यासाठी कर्ज का काढता, पोराला शाळेत का घालत नाही, असे वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या हजारोंना विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. मात्र मुखी गोपाळाचे नामस्मरण अखंड चाले. श्रद्धा आणि चिकित्सा यांचे हाडवैर मानणाऱ्या उभय पक्षांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, आणि आज ज्या विद्यापीठाच्या पदव्या आपल्यापैकी अनेकांच्या हाती आहेत, त्यास त्यांचेच नाव आहे.

परंतु त्यांचा प्रश्न आपल्या वर्गात आहे काय? पूर्वी एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘गुरुजी, पृथ्वी फिरते हे कशावरून?’ पुस्तकात आहे म्हणून, असे सांगून मी त्याला खाली बसविले, याची खंत मला आजही आहे. 1851 साली पॅरिसमध्ये फुको या शास्त्रज्ञाने लांब तारेला जड गोळा टांगून, त्याच्या आंदोलनाची दिशा हळूहळू वळते हे लोकांना प्रत्यक्ष दाखविले होते. त्या मुलाला निदान तेवढे सांगणे माझे कर्तव्य होते. पुस्तकात आहे म्हणून मानणारा मुलगा उद्या भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, म्हणतो म्हणूनही मानील. मेळघाटात तान्ह्या मुलाचे पोट फुगले की तापल्या लोखंडाचा डाग, म्हणजे डंबा, देण्याची चाल चालत आली आहे. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो आवश्यकच होता; पण डाग देणारा हात थांबविण्याचे धैर्य त्या तान्ह्या मुलाच्या आईला कायद्याच्या कलमातून नव्हे, शाळेत लागलेल्या विचारण्याच्या सवयीतून येईल.

म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. आठवड्यातील एक तास अभ्यासक्रमाच्या तगाद्यातून सोडवून मुलांच्या प्रश्नांसाठी राखावा, आणि ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक नसेल तो प्रश्न पुसू नये, फळ्यावर तसाच राहू द्यावा.